जुन्या तबकडीची पाठशुद्धी

जुन्या ग्रंथाची नवी आवृत्ती निघते तेव्हा तिच्या संपादकाकडून वाचकाची अपेक्षा अगदी स्पष्ट असते. लेखनिकांच्या हातून झालेल्या चुका त्याने दूर कराव्यात, पुसट झालेली अक्षरे उजळावीत. परंतु कवीच्या शब्दाला हात लावू नये. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली, तेव्हापासून हा विवेक मराठी वाचकाच्या परिचयाचा आहे. ग्रंथांच्या बाबतीत उपस्थित होणारा हाच प्रश्न आता ध्वनिमुद्रित संगीताच्या बाबतीतही उपस्थित होऊ लागला आहे. जुन्या ध्वनिमुद्रिका निवडावयाच्या, त्यांच्या मूळ फिती शोधून काढावयाच्या, त्यांवरील धूळ झटकावयाची आणि आजच्या साधनांवर ऐकता येतील अशा रूपात त्या पुन्हा प्रसिद्ध करावयाच्या, ही प्रथा जगभर रूढ झाली आहे. रिमास्टरिंग या नावाने ती ओळखली जाते. या खटाटोपाने नेमके काय साधते आणि काय साधत नाही, हे समजून घ्यावयाचे तर एकच ध्वनिमुद्रिका हाती घेऊन तिचा इतिहास पाहणे सोयीचे होईल. व्हॅन मॉरिसन या गायकाची 'ॲस्ट्रल वीक्स' ही १९६८ सालची ध्वनिमुद्रिका या दृष्टीने फार बोलकी आहे. दुकानात ती रॉक संगीताच्या खणात ठेवलेली आढळते. मात्र तिची घडण लोकगीत आणि जॅझ या दोन अगदी निराळ्या धाटणींच्या मीलनातून झालेली आहे.

मॉरिसनचा जन्म ३१ ऑगस्ट १९४५ रोजी उत्तर आयर्लंडमधील बेलफास्ट शहराच्या पूर्व भागात, एका कामकरी कुटुंबात झाला. वडील जहाजबांधणीच्या कारखान्यात विजेची कामे करीत. त्यांना अमेरिकन संगीताच्या तबकड्या जमविण्याचा विलक्षण नाद होता, आणि काही काळ ते स्वतः अमेरिकेत, डेट्रॉइट येथे राहूनही आले होते. त्यामुळे जेली रोल मॉर्टनचा जॅझ, लेडबेलीची लोकगीते, महालिया जॅक्सनची भक्तिगीते असे नाना प्रकारचे संगीत या मुलाच्या कानांवर बालपणापासून पडत राहिले. जॅझ एका कपाटात आणि लोकगीत दुसऱ्या कपाटात, अशी वाटणी त्या घरात नव्हतीच. पुढे त्याने शाळा सोडली, लहानमोठ्या वाद्यवृंदांतून गाणे-वाजविणे केले आणि १९६४ साली 'देम' या वाद्यवृंदाचा गायक म्हणून तो लोकांपुढे आला. तो वृंद सोडून तो न्यूयॉर्कला गेला. तेथे निर्माता बर्ट बर्न्स याने १९६७ साली काढलेले त्याचे 'ब्राउन आइड गर्ल' हे गीत अमेरिकाभर लोकप्रिय झाले.

परंतु हे यश त्याला सुखाचे गेले नाही. ज्या करारावर त्याने सही केली होती, त्याने त्याचे हात बांधून टाकले होते. कोणत्या चालीत गावे, गीताला कशी साथ घ्यावी, याबाबत त्याचे आणि निर्मात्याचे मत जुळेना. अशातच डिसेंबर १९६७ मध्ये बर्न्सचा अकस्मात मृत्यू झाला आणि मॉरिसन कायदेशीर गुंतागुंतीत सापडला. जुन्या करारातून सुटका नाही, आणि ती होईपर्यंत नवी कंपनी त्याचे ध्वनिमुद्रण करू शकत नाही, अशी ती कोंडी होती. अमेरिकेत राहण्याच्या परवानगीचा प्रश्नही डोक्यावर टांगलेला होता. कराराने मागितलेली गीतांची संख्या भरून काढण्यासाठी त्याने एकदा गिटार घेऊन तिसांहून अधिक तुटक, निरर्थक गीते एका दमात गाऊन टाकली, यावरून त्याच्या वैतागाची कल्पना येते. अखेर वॉर्नर ब्रदर्स या कंपनीने मध्यस्थी करून त्याला या जाळ्यातून सोडविले. मात्र सुटका झाली ती अटींसह झाली. नव्या ध्वनिमुद्रिकेतील दोन गीते जुन्या पक्षाच्या प्रकाशनहक्कातील असावीत, ही त्यांपैकी एक अट होय. या अटीकडे पुन्हा यावे लागेल.

१९६८ चा उन्हाळा मॉरिसनने मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे ओढगस्तीत काढला. बोस्टनच्या लहान संगीतगृहांतून तो गात असे. साथीला टॉम किएलबॅनिया याचा उभा डबल बेस आणि जॉन पेन या तरुण वादकाची बासरी एवढेच असे. विजेची गिटार नाही, ड्रमही नाही. रॉक संगीताचा जो दणदणाट त्या काळी सर्वत्र चालला होता, त्याच्या मध्यभागी हा तेवीस वर्षांचाही न झालेला गायक एक अगदी हलक्या आवाजाचे संगीत जुळवीत होता. ही मांडणी लोकगायकाची होती, हे ध्यानात ठेवले पाहिजे. दोन-तीन स्वरसंघांवर झुलत राहणारी गिटार, आणि तिच्यावर एखाद्या गल्लीची, एखाद्या मुलीची, एखाद्या निरोपाची कथा. आयर्लंड आणि स्कॉटलंडच्या लोकगीतांतून हा प्रकार पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे.

निर्माता लुइस मेरेन्स्टीन याने बोस्टनला येऊन ही गीते ऐकली. त्याची जडणघडण जॅझच्या ध्वनिमुद्रणात झालेली होती. या गायकाला रॉकमधील वादकांची साथ उपयोगाची नाही, हे त्याने तत्काळ ओळखले आणि न्यूयॉर्कमधील जॅझ वादकांची एक तुकडी जमविली. डबल बेसवर रिचर्ड डेव्हिस होता. एरिक डॉल्फीच्या 'आउट टु लंच' या १९६४ सालच्या गाजलेल्या ध्वनिमुद्रिकेत त्याचा बेस आहे, आणि पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या वृंदांतही तो तितक्याच अधिकाराने वाजवीत असे. गिटारवर जे बर्लिनर होता. चार्ल्स मिंगसच्या १९६३ सालच्या 'द ब्लॅक सेंट अँड द सिनर लेडी' मध्ये त्याने वाजविले होते. ड्रमवर 'मॉडर्न जॅझ क्वार्टेट' या ख्यातनाम चौकडीचा कॉनी के होता. व्हायब्राफोन, म्हणजे धातूच्या पट्ट्यांवर आघात करून वाजवावयाचे वाद्य, वॉरन स्मिथकडे होते. किएलबॅनियाची जागा डेव्हिसने घेतली. बासरीवाला पेन मात्र राहिला. पुढे सोप्रानो सॅक्सोफोनही त्यानेच वाजविला.

२५ सप्टेंबर १९६८ च्या संध्याकाळी न्यूयॉर्कच्या सेंच्युरी साउंड या ध्वनिमुद्रणगृहात हे लोक एकत्र आले. या वादकांची आणि गायकाची पूर्वी ओळख नव्हती. त्यांच्यापुढे स्वरलिपीचे कागद नव्हते. गायक आपल्या बंद कक्षात गिटार घेऊन उभा राहिला, एकदा गीत वाजवून दाखविले आणि तुम्हांला सुचेल तसे वाजवा, एवढ्यावर सारे सोपविले. तो फारसे बोललाही नाही, असे वादकांनी पुढे अनेकदा सांगितले आहे. त्या एका बैठकीत ध्वनिमुद्रिकेतील आठांपैकी चार गीते पार पडली. ऑक्टोबरच्या आरंभीची दुसरी बैठक फळाला आली नाही. उरलेली चार गीते १५ ऑक्टोबरच्या बैठकीत झाली. नोव्हेंबरमध्ये ध्वनिमुद्रिका बाजारात आलीसुद्धा.

येथे लोकगीत आणि जॅझ यांचे मीलन म्हणजे काय, हे थोडे उलगडून पाहिले पाहिजे. कारण मीलन या शब्दाखाली पुष्कळदा नुसती सरमिसळ खपून जाते. लोकगीताच्या चालीवर सॅक्सोफोनचा तुकडा चिकटविला की जॅझ होत नाही. जॅझचे मर्म वाद्यात नसून वादकांच्या परस्परांशी असलेल्या वागण्यात आहे. लिहून दिलेल्या स्वरांपेक्षा त्या क्षणी सुचलेल्या स्वराला तेथे मान असतो. आणि तो स्वर सुचतो तो शेजारचा काय वाजवीत आहे हे कान देऊन ऐकल्यामुळे. लोकगीताचे बळ याच्या उलट बाजूला असते. तेथे चाल ठरलेली असते, आवर्तन पुनःपुन्हा येते, आणि त्या पुनरावृत्तीच्या आधारावर कथा सांगितली जाते.

'ॲस्ट्रल वीक्स' मध्ये या दोहोंची कामे वाटली गेली आहेत. शीर्षकगीतच घ्या. मॉरिसनची गिटार दोनच स्वरसंघांमध्ये सात मिनिटे येरझारा घालते. नृत्याच्या किंवा एकल तबल्याच्या मैफलीत सारंगी वा पेटी जसा लेहरा धरून ठेवते, तसेच काहीसे या गिटारचे काम आहे. आवर्तन कोठे चालले आहे हे ती सांगत राहते आणि बाकीच्यांना मोकळीक देते. या मोकळिकीचा सर्वांत मोठा लाभ डेव्हिसने घेतला आहे. रॉकमध्ये बेसचे काम बहुधा भुई धोपटण्याचे. येथे तो गायकाशी बोलतो. गायकाने ओळ उचलली की तो खाली सरकतो, गायक थांबला की तो वर येतो, आणि एखादा शब्द गायकाने दोनदा-तीनदा आळवला की बेसही तोच सूर निरनिराळ्या वजनांनी आळवू लागतो. मॉरिसनला शब्द फोडून, त्याची एकेक मात्रा पुनःपुन्हा घोळवीत गाण्याची सवय आहे. ठुमरीतील बोलबनाव ज्यांच्या कानांत आहे, त्यांना या सवयीचा उलगडा फार सायासाने करून द्यावा लागणार नाही. शब्दाचा अर्थ कळून चुकल्यावरही त्याचा भाव संपलेला नसतो, म्हणून ही पुनरावृत्ती.

प्रत्येक गीतात मात्र हे प्रमाण सारखे नाही. 'सायप्रस ॲव्हेन्यू' हे बेलफास्टमधील एका सधन, वृक्षराजीने झाकलेल्या रस्त्याचे नाव. कामकरी वस्तीतल्या मुलाने त्या रस्त्यावर उभे राहून जे पाहिले आणि जे त्याला मिळण्यासारखे नव्हते, त्याचे हे गीत आहे. त्याचा सांगाडा ब्लूजचा आहे, आणि त्यावर हार्पसिकॉर्डसारखे जुन्या युरोपीय दरबाराची आठवण देणारे वाद्य वाजते. 'द वे यंग लव्हर्स डू' हे पितळी वाद्यांसह तीन मात्रांच्या लयीत धावणारे चक्क जॅझचे गीत आहे. 'बिसाइड यू' मध्ये तालाचा काटेकोरपणा जवळजवळ सुटतोच, आणि बर्लिनरची गिटार गायकाच्या श्वासाच्या अंदाजाने चालते.

या पद्धतीने काय घडले, याचा एक पुरावाच उपलब्ध आहे. कराराच्या अटीमुळे जी दोन गीते घ्यावी लागली ती 'बिसाइड यू' आणि 'मॅडम जॉर्ज'. ही दोन्ही १९६७ साली बर्न्सच्या देखरेखीखाली एकदा ध्वनिमुद्रित झालेली होती, आणि ते पाठ १९७३ साली 'टी. बी. शीट्स' या संग्रहातून प्रसिद्ध झाले. जुन्या पाठात 'मॅडम जॉर्ज' विजेच्या गिटारीच्या साथीने, मेजवानीतल्या गलबल्यात चालते. शब्द पुष्कळसे तेच आहेत, चालही ओळखू येते. परंतु ऐकणाऱ्याला त्या गर्दीत गीतातील निरोप ऐकू येत नाही. १९६८ च्या पाठात तेच गीत दहा मिनिटांच्या जवळ पोहोचते. तीन स्वरसंघांचे चक्र शांतपणे फिरत राहते, आणि अखेरच्या भागात गायकाला निघावयाचे आहे पण पाय निघत नाही, ही अवस्था केवळ पुनरावृत्तीने उभी राहते. गीत, गायक आणि चाल तीच असता एवढा फरक पडावा, याचे कारण साथीदारांच्या ऐकण्यात आहे.

आता ध्वनिमुद्रिकेच्या घडणीतील दुसरा टप्पा. बैठकी संपल्यावर संयोजक लॅरी फॅलन याने निवडक गीतांवर तंतुवाद्यांचा व पितळी वाद्यांचा साज नंतर चढविला. ही भर आपल्याला नको होती, असे मॉरिसनने पुढे बोलून दाखविले आहे. तबकडीच्या दोन बाजूंना 'आरंभी' आणि 'नंतर' अशा अर्थाची उपशीर्षके देण्यात आली. आणि शेवटचे गीत, 'स्लिम स्लो स्लायडर', मेरेन्स्टीनने कापले. या गीतात साथ अगदी विरळ आहे: गायकाची गिटार, डेव्हिसचा बेस आणि पेनचा सोप्रानो सॅक्सोफोन. मरणाच्या वाटेवर असलेल्या एका तरुणीविषयीचे हे गीत. शब्द संपल्यानंतरही तिघे वादक बराच वेळ वाजवीत राहिले होते. तो भाग निर्मात्याने काढून टाकला. त्यामुळे मूळ तबकडीवर हे गीत सव्वातीन मिनिटांच्या आसपास, एखादे दार लोटावे तसे मिटते आणि ध्वनिमुद्रिकाच संपते.

प्रसिद्धीनंतर ती फारशी खपली नाही. लहानसे लोकप्रिय गीत म्हणून वेगळे काढता येईल असे तीत काही नव्हते, आणि कंपनीलाही तिचे काय करावे हे उमगले नाही. मॉरिसनला व्यापारी यश मिळाले ते पुढच्या, १९७० सालच्या 'मूनडान्स' ने. 'ॲस्ट्रल वीक्स' टिकली ती ऐकणाऱ्यांच्या तोंडून तोंडी गेलेल्या शिफारशीवर. १९६९ साली ग्रील मार्कस या समीक्षकाने तिचे मोल ओळखून लिहिले. १९७९ साली लेस्टर बँग्ज याने तिच्यावर दीर्घ निबंध लिहिला. पाच लक्ष प्रती खपल्याची अमेरिकेतील अधिकृत मान्यता तिला मिळाली ती २००१ साली, म्हणजे जन्मानंतर तेहेतीस वर्षांनी. २००३ साली 'रोलिंग स्टोन' नियतकालिकाने केलेल्या पाचशे श्रेष्ठ ध्वनिमुद्रिकांच्या यादीत तिचा क्रमांक एकोणिसावा होता. अशा ध्वनिमुद्रिकेची संस्कारित आवृत्ती निघणे स्वाभाविकच होते. ती ३० ऑक्टोबर २०१५ रोजी निघाली.

या आवृत्तीत काय केले गेले हे समजण्यासाठी ध्वनिमुद्रणाचे टप्पे ठाऊक असले पाहिजेत. प्रथम निरनिराळ्या वाद्यांचे आवाज फितीवर वेगवेगळ्या पट्ट्यांत नोंदले जातात. मग त्या पट्ट्यांतील आवाज कमीअधिक करून त्यांचे एक मिश्रण तयार होते. त्यात डाव्या-उजव्या बाजूचे दोनच प्रवाह राहतात. शेवटी ते मिश्रण ज्या माध्यमातून ऐकावयाचे त्याला साजेसे करून घेतले जाते. हे मास्टरिंग होय. पट्ट्यांकडे परत जाऊन मिश्रणच नव्याने करणे हे वेगळे काम, आणि असलेल्या मिश्रणावर नव्याने शेवटचा हात फिरविणे हे वेगळे. दुसऱ्या कामाला रिमास्टरिंग म्हणतात. त्यात गायक पुढे किंवा वाद्य मागे करता येत नाही, आणि नको असलेली तंतुवाद्ये पुसूनही टाकता येत नाहीत. जेवणात मीठ पडून गेल्यावर ते वेचून काढता येऊ नये, तसेच हे आहे.

मग हाताला लागते काय? मुख्यतः माध्यमाने घातलेल्या मर्यादांपासून सुटका. तबकडीवर ध्वनी म्हणजे एक नागमोडी खोबण. खर्जाचा सूर जितका जोरदार, तितके त्या खोबणीचे वळण रुंद. वळणे फार रुंद झाली तर शेजारच्या खोबणीत शिरतील आणि सुई उडी मारील. म्हणून तबकडी कोरताना खर्ज मुद्दाम कमी करतात व तार सूर वाढवितात. वाजविताना यंत्र त्याची उलट भरपाई करते. १९५० नंतरच्या दशकात या भरपाईचे एक प्रमाण सर्वमान्य झाले. शिवाय एका बाजूवर जितका अधिक वेळ भरावयाचा तितक्या खोबणी दाटीने कोराव्या लागतात आणि एकूण आवाजच लहान ठेवावा लागतो. 'ॲस्ट्रल वीक्स' ची प्रत्येक बाजू तेवीस मिनिटांहून अधिक आहे. ज्या ध्वनिमुद्रिकेचा अर्धा प्राण डबल बेसमध्ये आहे, तिला ही अडचण किती जाचणारी, हे सांगावयास नको. संगणकीय नोंदीत खोबणच नसते. तेथे ध्वनी अंकांच्या रूपाने साठवितात. साध्या कॉम्पॅक्ट डिस्कवर प्रत्येक सेकंदाला ४४,१०० नमुने असतात. त्यामुळे खर्जाला आवरते घेण्याचे ते जुने कारण उरत नाही.

दुसरा लाभ मूळ फितीजवळ जाण्याचा. फितीची प्रत, त्या प्रतीची प्रत, असे करीत निघालेल्या आवृत्तीत दर पायरीला थोडी खरखर वाढते आणि थोडा तपशील गळतो. हस्तलिखितांच्या परंपरेत नेमके हेच घडते. म्हणून चांगला संस्करणकार, जुनी पोथी शोधणाऱ्या संपादकाप्रमाणे, शक्य तितकी आरंभीची फीत शोधतो.

येथेच धोकाही आहे. खरखर घालविण्याच्या उत्साहात तिच्याबरोबर गायकाचा श्वासही निघून जातो. कॉनी के तारांच्या कुंच्याने झांजेवर जो हलका हात फिरवितो, त्याची सळसळ खरखरीच्याच जातीची असते. दुसरा मोह आवाज वाढविण्याचा. गेल्या शतकाच्या अखेरीपासून पुष्कळ पुनरावृत्ती जुन्यापेक्षा मोठ्या आवाजाच्या करण्याची चढाओढ लागली. मोठे आणि लहान यांतील अंतर बुजवून सारेच मोठे करावयाचे, ही त्यातील युक्ती. कुजबुज आणि हाक सारख्याच जोराने ऐकू येऊ लागली की कुजबुजीचा अर्थच नाहीसा होतो. 'ॲस्ट्रल वीक्स' सारख्या ध्वनिमुद्रिकेत तर वादक एकमेकांना वाट देण्यासाठी आवाज लहान करतात. त्या लहान आवाजातच त्यांचे ऐकणे नोंदलेले आहे, आणि ते राखणे ही संस्करणकाराची खरी कसोटी होय.

२०१५ च्या आवृत्तीत आठ मूळ गीतांनंतर चार जादा पाठ दिले आहेत. 'बिसाइड यू' आणि 'मॅडम जॉर्ज' यांचे निराळ्या वेळी घेतलेले पाठ आहेत, तर 'बॅलेरिना' आणि 'स्लिम स्लो स्लायडर' यांचे लांब पाठ आहेत. शेवटच्या गीताचा लांब पाठ सुमारे दीड मिनिटाने मोठा आहे. शब्द संपल्यावर बेस आणि सॅक्सोफोन काय बोलत होते, हे यात थोडे तरी ऐकावयास मिळते. निर्मात्याने मिटलेले दार यामुळे किलकिले झाले आहे.

मग हा लांब पाठच मुख्य ध्वनिमुद्रिकेत का घातला नाही? गायकाने आणि वादकांनी जे प्रत्यक्ष वाजविले ते मूळ, आणि निर्मात्याने कात्री लावली ती विकृती, असे म्हणणे सोपे आहे. परंतु जी ध्वनिमुद्रिका लोकांनी पन्नास वर्षे ऐकली, जिच्यावर निबंध लिहिले गेले, ती या कात्रीसकटच घडलेली आहे. लेखनिकाच्या डुलकीने गळलेली ओळ आणि जाणत्या हाताने गाळलेली ओळ यांत फरक केला पाहिजे. पहिली परत आणावी. दुसरी परिशिष्टात द्यावी. २०१५ च्या संपादकांनी हाच मार्ग पत्करला आणि तो योग्य आहे. स्वतः गायकाला मात्र आपल्या कृतीत फेरफार करण्याचा अधिकार असतो. तो मॉरिसनने वापरलाही. नोव्हेंबर २००८ मध्ये लॉस एंजेलिस येथील हॉलिवूड बोल या खुल्या प्रेक्षागारात त्याने ही सर्व गीते पुन्हा सादर केली. बर्लिनर साथीला होता. त्या वेळी त्याने गीतांचा क्रम बदलला आणि 'स्लिम स्लो स्लायडर' शेवटी न ठेवता आधी आणले. ती मैफल स्वतंत्र ध्वनिमुद्रिका म्हणून २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिने जुनीची जागा घेतली नाही आणि घेण्याचा प्रयत्नही केला नाही.

त्या मूळ बैठकीतील कॉनी के १९९४ साली वारला. मेरेन्स्टीन २०१६ साली गेला. रिचर्ड डेव्हिसने १९७७ पासून पुढे अनेक वर्षे विस्कॉन्सिन विद्यापीठात विद्यार्थ्यांना बेस शिकविला, आणि २०२३ साली त्याचाही अंत झाला. एकमेकांना अनोळखी असलेली ती माणसे पुन्हा एका खोलीत जमणे आता शक्य नाही. तेव्हा जे फितीवर उरले आहे ते नीट राखणे एवढेच मागील पिढीच्या हाती आहे, आणि संस्कारित आवृत्ती ते काम करते. ती ऐकताना नवीन काय घातले आहे हे शोधण्यात अर्थ नाही. शीर्षकगीत लावावे, गायकाकडे दुर्लक्ष करून पहिली दोन मिनिटे फक्त बेस ऐकावा, आणि गायक ओळ उचलण्यापूर्वी डेव्हिस क्षणभर कोठे थांबतो याकडे कान द्यावा. तो विराम १९६८ मध्येही तेथे होता. आता तो अधिक स्पष्ट ऐकू येतो.